मुलुंड ते मढ, गळक्या चिमट्यासह

मुलुंडच्या माणसाला मढला चल म्हटलं, तर तो आधी किती ठिकाणी गाडी बदलावी लागेल ते विचारतो, मग रात्री राहायची सोय काय ते विचारतो, आणि शेवटी येत नाही. दोन्ही ठिकाणं एकाच महापालिकेत आहेत. आमच्या इमारतीत युरोप करून आलेली माणसं मजल्यामजल्यावर सापडतील, पण मढला जाऊन आलेल्या दोघीच: मी आणि माझी नणंद. न गेलेल्यांची ही संख्या बघूनच लिहायला बसले आहे.

आम्ही गेलो मोटारसायकलवरून. वाटेत जंगल लागलं, खाडी लागली आणि एक डॉक्टर लागला. निघाल्यापासून पोचेपर्यंत शुक्रवारचा रविवार झाला.

माझी नणंद वैशाली पंचेचाळिशीची आहे, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते आणि दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवते. दोन वर्षांपूर्वी तिनं कुणाची तरी वापरलेली डर्ट बाइक घेतली. डर्ट बाइक म्हणजे चिखलातून, दगडांतून, खड्ड्यांतून चालवायची उंच मोटारसायकल. मुंबईत राहून ती का घेतली असं तिला कुणीच विचारलं नाही. मढला एका माळावर दरवर्षी हौशी लोकांची मातीतली शर्यत होते. आजवर वैशाली तिथं दुसऱ्यांची हेल्मेटं धरून उभी राहायची. या वर्षी पहिल्यांदाच बायकांचा वेगळा गट ठेवला होता आणि तिनं नाव दिलं होतं. त्यासाठी वर्षभर दर रविवारी पहाटे शहराबाहेर जाऊन तिनं पडण्याचा सराव केला. शर्यत रविवारी होती. आणि नियम असा होता, की गाडीतून काहीही गळत असेल तर तपासणीतच बाद.

शुक्रवार : मुलुंड ते घाटकोपर

"वहिनी, वाट लागली," वैशालीचा दुपारी फोन आला. "सील गेलंय."

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. टेबलावर सेवानिवृत्ती समारंभाचं मानपत्र तपासायला पडलं होतं, त्यात एका माणसाला ओळीनं वटवृक्ष, दीपस्तंभ आणि झरा म्हटलं होतं. "कुणाचं सील?" मी म्हटलं.

"माझं! म्हणजे गाडीचं. पुढच्या चिमट्यातनं तेल गळतंय. तू चल ना घाटकोपरला, एकटी गेले तर मी रडेन."

मी झाड, दिवा आणि पाणी तसंच सोडून निघाले.

चिमटा म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, तुम्हालाही सांगते. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणारे दोन पाय असतात. प्रत्येक पायात एक चकचकीत नळी दुसऱ्या जाड नळीत खालीवर सरकते. आत स्प्रिंग असते आणि तेल असतं. खड्डा आला की नळी आत जाते, खड्डा गेला की वर येते, आणि ही ये-जा उनाड होऊ नये म्हणून तेल तिला आवरतं. जाड नळीच्या तोंडाशी एक रबरी सील बसवलेलं असतं. तेल आत ठेवायचं आणि धूळ बाहेर, एवढंच त्याचं काम. इंग्रजी पुस्तकात याला भारदस्त नाव आहे. गॅरेजात मात्र सगळ्याला मिळून म्हणतात चिमटा.

या गाडीवर मागे बसायचं म्हणजे आधी चढावं लागतं. मी सोसायटीच्या मोठ्या कुंडीवर पाय ठेवून चढले. वॉचमननं तोंड फिरवलं, ते सभ्यपणानं की हसू लपवायला, हे मी विचारलं नाही. पण एकदा वर बसलं की काय दिसतं म्हणून सांगू! बसमधल्या माणसांच्या मोबाइलवर काय चाललंय ते दिसतं. रिक्षांचे टप दिसतात, आणि टपांवर लोक काय काय टाकतात तेही. भांडुप, कांजूर, विक्रोळी अशी गावं ओलांडत आम्ही हळूहळू गेलो. यातल्या प्रत्येक गावाचं ठाम मत आहे, की आपला रस्ता मोकळाच असतो, कोंडी होते ती पुढच्या गावामुळे.

घाटकोपरला एका गल्लीत पाटी होती: 'शॉकअप क्लिनिक. वेळ घेऊन येणे.' दारात गावडे उभे होते. पन्नाशीचे, पांढरा ॲप्रन घातलेले आणि गळ्यात खराखुरा स्टेथोस्कोप अडकवलेले. मला समारंभी थाटाची ॲलर्जी आहे, पण हा थाट इतका निर्लज्ज होता की मी क्षणात वितळले.

"पेशंटला आत घ्या," गावडे म्हणाले. त्यांनी हँडल धरून गाडी खाली दाबली, डोळे मिटले, पुन्हा दाबली. "नळी वाकलीय. दोन्ही बदलायला लागतील."

"वाकली असती तर गाडी एका बाजूला ओढली असती," वैशाली म्हणाली. "सरळ जातेय."

"ताई, मी पंचवीस वर्षं चिमटे बघतोय."

"आणि मी दोन वर्षं हाच बघतेय."

नळी बाहेर काढून काचेवर लोळवून बघायची असं ठरलं. गाडीचं पुढचं अंग वर टांगलं, चाक उतरवलं. वैशालीनं बाह्या वर केल्या आणि गावड्यांच्या हातातला पाना कधी तिच्या हातात आला ते त्यांनाही कळलं नाही. पाय गाडीवर घट्ट असतानाच वरची टोपी सैल करून ठेवायची, मग पाय काढायचा, हे तिनं त्यांना आणि त्यांनी तिला एकाच वेळी सांगितलं. इतक्यात माझ्या सासूबाईंचा फोन आला. त्यांना मी आणि वैशाली दोघीही आईच म्हणतो.

"आई, उशीर होईल," वैशाली म्हणाली. "चिमटा काढलाय."

"कुणी? कुणाला?"

"आम्ही, आई."

"या वयात? आणि वहिनी काय करतेय?"

"ती बघतेय."

"शोभतं का तिला!" म्हणून आईंनी फोन ठेवला.

नळी काचेवर ठेवून लोळवली. ती गुळगुळीत, सरळ, मुकाट्यानं टोकापर्यंत लोळत गेली. गावड्यांनी बराच वेळ खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "काच वाकलीय."

मग त्यांनी जाड नळीच्या तोंडावरचं धुळीचं रबरी झाकण स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं आणि एकदम थबकले. गावडे मूळचे मालवणचे. वडील गिरणीत होते. धंद्याची भाषा ते मुंबईची बोलतात, पण धक्का बसला की गाव बाहेर येतं.

"आता ह्यां काय? तांदूळ! तांदूळ खयसून इलो हेच्यात?"

झाकणाखाली खरोखरच तांदळाचे दाणे होते. तेलात भिजलेले, लालसर. बाजूला लाल-पिवळी पेस्ट. गावड्यांनी बोट लावलं, वास घेतला, आणि पंचवीस वर्षांचा अनुभव जागच्या जागी संपला.

"कुंकू," मी म्हटलं.

दसरा नुकताच होऊन गेला होता. दसऱ्याला घरातली अवजारं, यंत्रं, वाहनं पुजायची, हे आमच्याकडे मिक्सरपासून सुरू होतं. आईंनी वैशालीच्या गाडीची पूजाही मनापासून केली होती. हळद-कुंकू कुठं लावायचं हा प्रश्न त्यांनी तर्कानं सोडवला होता. जिथं चेहरा दिसतो तिथं कपाळ. आणि त्या अख्ख्या धुळकट गाडीत चेहरा दिसण्याजोगी एकच जागा होती, चिमट्याच्या नळ्या. त्यांनी दोन्ही नळ्यांना ओलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि झेंडूचा हार बांधला, तोही तारेनं, सुटू नये म्हणून. त्यानंतर वैशाली सरावाला गेली. नळी खालीवर झाली, कुंकू, तांदूळ सगळं घेऊन आत शिरली, आणि सील फाटलं. तारेचा एक बारीक ओरखडाही नळीवर सापडला. नखाला लागेल एवढाच, पण नवं सील फाडायला पुरेसा.

 वैशाली आधी खालच्या जमिनीवर बसली. मग हसायला लागली. मलाही हसू आवरेना. गावडे आमच्याकडे बघत राहिले. "ताई, अशी केस माज्याकडे पयलीच," ते म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी एका कौतुकानं उच्चारलं.

गळत होता तो उजवा पाय, आणि त्याच्या मापाचं सील त्यांच्याकडे नव्हतं. ते मिळणार अंधेरीला, आणि मापाला नळी बरोबर न्यावी लागणार. ओरखडा मात्र वैशालीनं तिथंच, अगदी बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून, गोल गोल घासून काढला. नखानं तपासलं, पुन्हा घासलं. कवळी घासताना ती अशीच दिसत असणार.

घरी जेवताना तिनं आईंना सांगूनच टाकलं. "आई, आत तांदूळ गेले होते."

"तांदूळ नव्हेत. अक्षता."

"गाडीला फरक कळत नाही गं."

"म्हणूनच गळतेय," आई म्हणाल्या आणि आमटी वाढली. मग जरा वेळानं, भात कालवता कालवता, "रविवारपर्यंत होईल ना?"

"होईल."

"झालं पाहिजे," आई म्हणाल्या.  

शनिवार : अंधेरीपर्यंत आणि परत

घाटकोपरहून अंधेरीला मेट्रोनं जायचं ठरलं, आणि नळी नेली माझ्या योगासनांच्या सतरंजीच्या लांब पिशवीतून. मला त्या पिशवीचा पहिल्यांदाच उपयोग झाला.

तपासणीच्या यंत्रातून पिशवी गेली आणि पडद्यावर जे दिसलं ते बघून तिथली बाई उठून उभी राहिली.

"मॅडम, हे काय आहे?"

"चिमटा," वैशाली म्हणाली.

"एवढा मोठा?"

"अर्धाच आहे. अर्धा घाटकोपरला आहे."

हे उत्तर खरं होतं, पण उपयोगाचं नव्हतं. बाईंनी वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनी पिशवी उघडली, नळी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. माझे पिकलेले केस, खादीचा कुडता, दोरीला लावलेला चष्मा. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम ओळख उमटली.

"भजनी मंडळ का? वाजवायचा चिमटा ना हा?"

मी सत्याची चाड असलेली बाई आहे. मी सांगायला तोंड उघडलं, की हे वाद्य नसून मोटारसायकलच्या पुढच्या निलंबन व्यवस्थेचा भाग आहे. तेवढ्यात वैशालीनं मला चिमटा काढला. हा दुसरा अर्थ.

"नाही हो साहेब, गाडीचा पार्ट आहे," ती म्हणाली. "माप घ्यायला नेतोय. ही नळी आत सरकते, तिच्यावर सील बसतं. उद्या शर्यत आहे माझी."

"तुमची?"

"माझीच."

वरिष्ठांनी नळी पुन्हा पिशवीत घातली, अगदी हळुवार. "मग पुसून तरी घ्यायची ना," ते म्हणाले. "वास बघा किती येतोय." आणि आम्हाला जाऊ दिलं. डब्यात बसलेल्या लोकांनी आमच्या शेजारच्या जागा मोकळ्या सोडल्या. एवढी प्रशस्त सफर मी मुंबईत याआधी केली नव्हती.

पूर्वेकडच्या माणसाला पश्चिम उपनगरं जराशी परकीच वाटतात. आमच्याकडे अनोळखी माणूस भेटला की विचारतात, "कुठं राहता?" अंधेरीत विचारतात, "काय करता?" आणि उत्तर संपायच्या आत तुमच्या खांद्यावरून मागे कोण आलंय ते बघतात. सुट्या भागांच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या एका दाढीवाल्या तरुणानं वैशालीच्या हातातली नळी, कोपरावरचा जुना खरचटल्याचा व्रण आणि बूट पाहिले.

"ताई, तुम्ही स्टंटचं काम करता?"

वैशाली म्हणाली, "अजून नाही." त्यानंतर दिवसभर ती तरंगत होती. सील मापाचं मिळालं, दुकानदारानं ते नळीवर सरकवूनही दाखवलं, पण तिचं लक्षच नव्हतं. "वहिनी, तो स्टंट म्हणाला," असं ती मेट्रोत मला सांगत होती. "मला. स्टंट." मी म्हटलं, तुझा भाऊ तुला गेली कित्येक वर्षं हेच म्हणतोय. पण भावाची दाद कोण मोजतं?

क्लिनिकमध्ये परत आल्यावर काम झकास चाललं. सील बसवताना नळीच्या धारेनं त्याची नाजूक कड कापली जाते. म्हणून धारेवर आधी दुधाची रिकामी पिशवी चढवायची, तिला तेल लावायचं, आणि तिच्यावरून सील अलगद खाली आणायचं. दुधाच्या पिशवीचा एवढा मान मी कुठल्याच पाककृतीत पाहिला नव्हता. मग पीव्हीसी पाइपाचा तुकडा वरून बसवून हलके ठोके. सील जागेवर बसलं की ठोक्याचा आवाज बदलतो. टक टक टक, आणि मग एकदम टण. त्या टणला वैशालीनं मला मिठी मारली आणि माझ्या कुडत्यावर तिच्या हातांचे दोन काळे ठसे उमटले, ते अजून आहेत.

नवं तेल गावड्यांनी मोठ्या सिरिंजनं भरलं. स्टेथोस्कोपवाल्याला ती शोभलीच. दोन्ही पायांत तेलाची पातळी सारखी लागते, नाहीतर गाडी लंगडते. नळी सावकाश खालीवर करून आतली हवा काढली. बुडबुडे थांबेपर्यंत आम्ही तिघंही श्वास धरून बघत होतो. माझ्या आयुष्यात मी बुडबुड्यांची इतकी वाट कधी पाहिली नव्हती.

चाक चढवत असतानाच वरच्या मजल्यावरून गावडेबाईंची हाक आली. "ओ डॉक्टर! आंबोळ्यो थंड होतत हां! त्या दोघींकय घेवन येवा!"

तव्यावरून थेट ताटात येणारी जाळीदार आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. मुलुंडला आम्ही आंबोळीच्या पिठाचं पाकीट आणतो आणि जे होतं त्याला आंबोळी म्हणतो. गावडेबाईंच्या घरी मी किती खाल्ल्या ते सांगणार नाही. गावडे मात्र खाली चाकाचे राहिलेले बोल्ट घाईघाईनं आवळून धावतच वर आले होते. कामापेक्षा आंबोळी आधी थंड होते, हे त्यांचं म्हणणं त्या वेळी आम्हा सगळ्यांना पटलं.

रविवार : आरे, वर्सोवा, मढ

गाडी रात्री क्लिनिकातच ठेवली होती; पहाटे घाटकोपरहून ती घेऊन हमरस्त्यानं निघालो. पवई मागे टाकून आरे कॉलनीत शिरलं, की मुंबई कुणीतरी बंद केल्यासारखी वाटते. झाडं, गारवा, गोठ्यांचा वास, वळणावर रवंथ करणाऱ्या म्हशी. त्यांच्या नजरेतला शांतपणा मी ज्येष्ठ प्राध्यापकांत शोधत आले आहे. ऑक्टोबरचा उकाडा अजून जागा झाला नव्हता. मला गावंसं वाटत होतं आणि मी गातही होते, कारण हेल्मेटात कुणाला ऐकू जात नाही.

पहिला गतिरोधक आला आणि माझं गाणं तुटलं.

"वहिनी," वैशाली ओरडली, "पुढून धक्का बसतोय."

"रस्ता आहे तो!"

"नाही गं. चिमटा खाली जातच नाहीये."

दुसऱ्या गतिरोधकावर माझे दात वाजले. आरेत गतिरोधकांना तोटा नाही. वर्सोव्याला पोचेपर्यंत वैशालीचे हात बधिर झाले होते आणि तिचा चेहरा लहान झाला होता. तेल गळत नव्हतं, एक थेंबही नाही. पण जो चिमटा दबत नाही तो घेऊन उंचवट्यांवरून उड्या मारायच्या, म्हणजे पहिल्या उडीतच हँडल हातातून जाणार. आणि तपासनीस गाडी दाबून बघतात. दबली नाही, तर बाद.

वर्सोव्याच्या धक्क्यावर बोंबील वाळत होते, दोरीवर दाटीवाटीनं, वारं आलं की एकदम डोकं हलवणारे. फेरीबोटीत माणसं, मोटारसायकली, टोपल्या सगळं एकत्र भरतात. बोट हलली, लाटांवर वरखाली व्हायला लागली, तशा सगळ्या मोटारसायकली आपापल्या स्प्रिंगांवर डुलू लागल्या. टोपलीशेजारी बसलेल्या एका कोळणीनं आमच्या गाडीकडे हनुवटी केली.

"सगळ्यांच्या गाड्या डुलतात, तुझीच का गं सासूसारखी ताठ?"

आजूबाजूचे हसले. वैशालीही हसली असती, पण ती गाडीच्या पुढच्या चाकाकडे टक लावून बघत होती. बोट मढला टेकायच्या आत तिनं गावड्यांना फोन लावला.

"गावडे, चिमटा जाम झालाय."

"माझं काम जाम होत नाही ताई. रस्त्यानं झाला असंल."

"चाकाचा आस आवळल्यावर खालचे क्लॅम्प आवळायच्या आधी तुम्ही गाडी दाबली होती ना? चारपाच धक्के देऊन?"

 फोनमधून मालवण बाहेर आलं. "आयशप्पत! आंबोळ्यो…"

चाक बसवताना चिमट्याचे दोन्ही पाय समांतर यायला हवेत. त्यासाठी आधी फक्त आस आवळायचा, गाडी दाबून पायांना आपापली जागा घेऊ द्यायची, आणि मगच शेवटचे क्लॅम्प आवळायचे. गावड्यांनी धक्के न देताच आवळले होते. एक पाय केसभर तिरका राहिला, आणि नळी आत जाताना घासून अडकत होती. औषध सोपं होतं. क्लॅम्प सैल करायचे, दाबायचं, पुन्हा आवळायचे. पण गाडी उभी करून, शांतपणे, वेळ देऊन.

माळावर पोचलो तर मांडव, लाउडस्पीकर, हारतुरे आणि शाल-श्रीफळाचं ताट. उद्घाटन चालू होतं. कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष, जोधपुरी कोटात, माईकसमोर उभे होते. संयोजकांनी सांगितलं, साहेबांचं भाषण संपलं की लगेच बायकांच्या गटाची तपासणी. ताबडतोब.

"मित्रहो," अध्यक्ष म्हणाले, "जीवन हाही एक डर्ट ट्रॅकच आहे."

एरवी या वाक्याला मी उठून गेले असते. माझी अख्खी नोकरी भाषणं संपण्याची वाट बघण्यात गेली आहे. वैशालीनं मांडवामागे गाडी दगडांवर टेकवली, पाने काढले आणि माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, त्यांना बोलू दे."

मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. अध्यक्ष ध्येयावर बोलले, जिद्दीवर बोलले. मी मान डोलावली. वक्त्याला मान डोलावणारा एक चेहरा मिळाला की तो त्याच्यासाठीच बोलतो, हे मला माहीत होतं, आणि इतकी वर्षं मी ते करायचं टाळत आले होते. पण वीस मिनिटांनी त्यांनी घड्याळ पाहिलंच. "वेळेअभावी मी इथेच…"

मी उभी राहिले. "सर, तुमच्या तरुणपणी गाड्या कशा होत्या?"

मागून कुणीतरी कण्हलं. अध्यक्षांचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी माईक पुन्हा जवळ ओढला आणि एका स्कूटरवरून ते महाबळेश्वरला निघाले. पनवेलला टायर बसलं. महाडला पाऊस लागला. पोलादपूरच्या घाटात स्कूटरनं नकार दिला. लोक मला डोळ्यांनी जाळत होते. एका शर्यतवाल्या पोरीनं माझ्या कानाशी येऊन, "आंटी, प्लीज ना यार," अशी विनवणीही केली. मांडवाच्या फटीतून मला वैशाली दिसत होती. ती पुढचा ब्रेक दाबून धरून हँडलवर सगळं वजन टाकत होती. एकदा. दोनदा. गाडी हलेना. तिनं खाली वाकून पाना फिरवला आणि पुन्हा वजन टाकलं.

"…आणि अशा रीतीनं आम्ही महाबळेश्वरला पोचलो," अध्यक्ष म्हणाले. टाळ्या सुरू झाल्या. सुटकेच्या टाळ्यांचा आवाज वेगळाच असतो.

"आणि सर," मी टाळ्यांवरून ओरडले, "परतीचा प्रवास?"

संयोजकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढच्या वर्षी मला मढमध्ये प्रवेश नाही हे मला तिथंच कळलं. पण अध्यक्ष परत निघाले होते. मेढ्याला चहा प्यायले. साताऱ्याला मित्र भेटला. मी फटीतून पाहिलं. वैशालीनं दोन्ही हातांनी हँडल दाबलं, आणि गाडीचं नाक खाली गेलं. पार खाली. आणि वर आलं, मऊसूत, तेलानं आवरलेलं, अगदी सभ्यपणे. तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा वर. मग तिनं पाना घेतला, क्लॅम्प आवळले आणि अंगठा वर केला.

मी बसले. आधार गेला तसे अध्यक्ष पुण्यातच थांबले.

तपासनीस तरुण आणि गंभीर होता. त्यानं नळीवरून पांढरं फडकं फिरवलं, फडकं उजेडात धरलं. कोरडं. हँडल दाबलं, सोडलं, दाबलं. वैशालीचे ओठ हलत होते. ती देवाचं नाव घेत होती की गावड्यांना शिव्या देत होती, सांगता येणार नाही.

"चिमटा कुणाकडून करून घेतलात?" त्यानं विचारलं. "मस्त चालतोय."

"एका डॉक्टरांकडून," ती म्हणाली. "आणि थोडा मी."

बायकांच्या गटात सगळ्या तिच्यापेक्षा लहान होत्या. झेंडा पडला तेव्हा ती जराशी उशिरानं सुटली, पहिल्या वळणावर घसरता घसरता सावरली. पहिल्या उंचवट्यावरून गाडी हवेत गेली. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. पुढचं चाक आधी जमिनीला लागलं, चिमटा सर्रकन आत गेला, आणि जसा गेला तसाच निवांत वर आला. वैशाली हँडलवरून हलली नाही. दुसऱ्या उंचवट्यावर ती ओरडली. ती भीती नव्हती. हा आवाज मी तिच्या तोंडून यापूर्वी ऐकला नव्हता, लग्नातही नाही. एक पोरगी चिखलात रुतली, तिला मागे टाकलं. आणखी एकीला वळणावर आतल्या बाजूनं गाठून पुढे गेली. मी उड्या मारत होते. माझा चष्मा पडला, कुणीतरी उचलून दिला, मी तो उलटा घातला.

ती तिसरी आली. तिसरी! चौकड्यांचा झेंडा हलला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पहिल्या दोघी बाजूला होऊन थांबल्या.

वैशाली थांबली नाही.

"ओ मॅडम! संपली शर्यत!" संयोजक शिट्टी फुंकत मैदानात धावले. "संपली! त्यांना कळलं नाही का?"

"कळलंय," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा शिट्टी फुंकली. वैशालीनं त्यांना एक हात हलवून दाखवला, गाडी वळवली आणि सरळ उंचवट्याकडे निघाली.